लांजेवारांची पोट्टी आणि माझा नारळ

फायबरग्लास म्हणजे काय, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. गाडी पत्र्याची असते आणि नव्या गाडीपुढे नारळ फोडायचा असतो, एवढं तुटपुंजं ज्ञान घेऊन मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी एका ड्राइव्हवेवर उभी होते. अक्षय्य तृतीया होती. आमच्या मराठी मंडळाचे भटजी फार लांबून यायचे आणि कायम घाईत असायचे, त्यामुळे मधल्या रिकाम्या जागेवर मी स्वतःची नेमणूक करून घेतली होती. कुणी विचारलं नव्हतं, पण कुणी न विचारता पुढे होण्यात मी तेव्हा फार पटाईत होते.

नारळ फोडायला दगड शोधला. त्या गुळगुळीत लॉनवर दगड कुठला मिळायला! खालच्या सिमेंटवर आपटला असता तर काही बिघडत नव्हतं. पण समोर गाडीचं गोल, निळं, चांगलं भरीव दिसणारं नाक होतं, आणि आजूबाजूला पंधरा-वीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी ओढणी खोचली, "गणपती बाप्पा" म्हटलं आणि हात उगारला.

लोकांनी "मोरया" म्हणायच्या आत काम झालं. नारळ फुटला नाही. गाडी फुटली.

वीतभर चीर. निळ्या रंगातून आतलं पांढरं दिसायला लागलं. आमचे हे लॉनकडे असे बघायला लागले, जणू गवत ही गोष्ट त्यांनी प्रथमच पाहिली. कुमुदने, म्हणजे गाडीच्या मालकाच्या बायकोने, तोंडावर हात ठेवला. पण तिचे खांदे हसून हलत होते हे मला नंतर कळलं. आणि मालक लांजेवार खाली उकिडवे बसले. उजवा हात पँटच्या खिशात तसाच ठेवून डाव्या हाताच्या बोटाने त्यांनी ती चीर इकडून तिकडे चाचपली, टिचकी मारली, कान लावला. मग घरंगळत गेलेला नारळ उचलून कानाशी हलवला आणि म्हणाले, "वहिनी, माल पक्का आहे. कोणत्या दुकानातून आणला?"

दिवाकर लांजेवार हे असे. नागपूरच्या महाल भागातून कधीकाळी शिकायला अमेरिकेत आले आणि मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात चिकटले. तिथे त्यांनी आयुष्यभर एकच वस्तू केली: मोटारीच्या दाराची लॅच. दार लावल्यावर जी आतून पकडते ती. माणूस एका कडीवर सबंध नोकरी काढू शकतो, यावर माझा विश्वास बसायचा नाही. मी त्यांना तसं तोंडावर म्हटलंही होतं. ते म्हणाले, "वहिनी, गाडी चालून राहिली अन् दार उघडलं, तर मग समजते कडी काय असते ते."

कुणाच्याही घरी गेले की आधी दार दोनदा उघडून लावायचे. यजमान "या, या" करत उभे, आणि हे डोळे मिटून दाराचा आवाज ऐकतायत. आवाज पटला की "बसलं!" म्हणायचे. हा त्यांचा शब्द. डब्याचं झाकण लागलं की "बसलं!" कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की "बसलं का नीट?" कुमुद सांगायची, की मुलगा झाला तेव्हा नर्सने बाळ मांडीवर दिलं, तर यांनी आधी पाळण्याच्या कठड्याची खिट्टी तपासली.

एका दिवाळीत त्यांच्या घरी फराळाला गेले असताना मी बाथरूममध्ये अडकले. कडीच्या जादूगाराच्या घरी बाथरूमची कडी बिघडलेली असावी, हे मी पुढे अनेक वर्षं त्यांना ऐकवलं. आतून मी दार बडवत होते, बाहेर बायका जमल्या होत्या, कुणी म्हणत होतं खिडकीतून काढू या. माझा तेव्हाचा आकार आणि ती खिडकी यांचा काही संबंध नव्हता. मग दाराच्या पलीकडून अगदी कानाशी त्यांचा आवाज आला. "वहिनी, टेन्शन नका घेऊ. हँडल धरा. खाली नका दाबू, वर उचला. आता दार स्वतःकडे ओढा, थोडंच. आता फिरवा." दार उघडलं. बाहेर पाहिलं तर हे जमिनीवर मांडी घालून, हातात चकली घेऊन बसलेले. "बसलं!" म्हणाले आणि चकली मोडली. सबंध वेळ त्यांनी दाराला हातसुद्धा लावला नव्हता.

रिटायर झाल्यावर त्यांनी किट कार मागवली. किट कार म्हणजे गाडी नव्हे, गाडीचे तुकडे. खोक्यांतून सांगाडा, वरचं फायबरग्लासचं, म्हणजे काचेच्या कापडावर रेझिनचा डिंक चढवून केलेलं अंग आणि हजार नटबोल्ट येतात. इंजिन आणि गिअरबॉक्स एखाद्या मोडक्या गाडीतून काढायचे आणि घरी गॅरेजमध्ये सगळं जोडत बसायचं. दोन माणसांची, उघडी, बुटकी गाडी. तिला दारंच नव्हती; टांग टाकून आत उतरायचं. जन्मभर दारांच्या कड्या केलेल्या माणसाने बिनदाराची गाडी का घेतली, असं मी विचारलं, तर म्हणाले, "सुट्टी आहे ना आता."

तिला ते पोट्टी म्हणायचे. नागपूरकडे मुलीला पोट्टी म्हणतात. "साठीला आली स्वारी, अन् घरात पोट्टी आणली," असं कुमुद सगळ्यांना सांगायची. चार उन्हाळे ते काम चाललं. कुमुदनेही त्यातून आपला फायदा काढला: बॉनेट अंगणात आडवं पडलेलं असायचं, मिशिगनचं ऊन जेमतेम, ते वाया कशाला घालवा, म्हणून त्यावर प्लास्टिक पसरून ती कुरडया वाळवायची. त्याच बॉनेटच्या पुढच्या टोकावर मी नारळ हाणला.

चीर भरणं त्यांच्या दृष्टीने अवघड नव्हतं, असं सगळे म्हणत. ते "करतो, करतो" म्हणत राहिले. जून गेला, गणपती आले, चीर तिथेच. मी मनाशी ठरवून टाकलं, की मला चिडवायला मुद्दाम ठेवली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवायचे, "ही वहिनींची सही." मग गणपतीच्या जेवणात मला सूड उगवायची संधी मिळाली. सगळे हाताने वरणभात कालवतायत आणि लांजेवार डाव्या हातात चमचा धरून बसलेले. मी भर पंगतीत ओरडले, "भाऊजी, वरणभाताला चमचा? आता तुम्ही पुरते साहेब झालात, नागपूरला जायला तुम्हाला व्हिसा लागणार!" पंगत हसली. सगळ्यांत मोठ्याने ते हसले. मी त्या विनोदावर आठवडाभर खूश होते. आज तो विनोद आठवला, की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण आता दातांचा भरवसा नाही.

दोन हजार चारच्या ऑक्टोबरात अशा किट गाड्यांची सहल निघाली, वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात पानगळीचे रंग बघायला. घरी गाड्या जोडणाऱ्यांचा तिथे एक कंपू होता. बहुतेक रिटायर्ड, नखांत ग्रीस, डोक्यावर टोप्या. म्होरक्या रॉन नावाचा, दारासारखा रुंद माणूस. अशा पाच गाड्या, आणि मागे एक व्हॅन: हत्यारं, सुटे भाग, आणि आमच्याकडून चिवडा, दशम्या, लोणचं. व्हॅन आमचे हे चालवणार, शेजारी कुमुद. कुमुदला घाटात मळमळायचं, शिवाय "मी त्या टबात बसणार नाही" हे तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. मग पोट्टीत लांजेवारांच्या शेजारी कोण? त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "नारळाचा दंड. डोंगर सुरू झाला की तुम्ही."

ओहायोचा सपाट रस्ता मी व्हॅनमध्ये चिवडा खात सुखाने काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी वेस्ट व्हर्जिनियात, मोटेलच्या पार्किंगमध्ये, लांजेवार हेल्मेटसारखी कानटोपी घालून उभे. "चला वहिनी, शिक्षा."

मी टांग टाकून आत पडले. पडलेच. रस्ता इतका जवळ, की वाटलं हात खाली सोडला तर डांबर लागेल. माझ्या मांडीवर त्यांनी वॉकीटॉकी ठेवला. बाजूचं बटण दाबलं की रॉनपासून व्हॅनपर्यंत सगळ्यांना ऐकू जाणार. "बोलायचं तुम्ही. तुम्हाला आवडतेच."

डोंगर असे काही पेटले होते, की मी पहिली दहा मिनिटं नुसती "अगंबाई" करत होते. पैठणीच्या दुकानदाराने सगळे गठ्ठे एकदम उघडून टाकावेत तशी ती झाडं. मग चढ लागला. इंजिनाचा आवाज जड झाला. लांजेवारांनी उजवा हात गिअरवर ठेवला आणि तो हात थरथरायला लागला. उकळत्या भांड्यावरचं झाकण थडथडतं, तसा. गिअर खरडला, गेला नाही. पुन्हा खरडला. मग त्यांनी डावा हात स्टिअरिंगवरून काढला आणि आडवा घालून गिअर ओढला. एवढ्या वेळात गाडी मधल्या पिवळ्या रेघेवर गेली.

"अहो, स्टिअरिंग!" मी किंचाळले.

गाडी पुन्हा रांगेत आली. ते पुढे बघत म्हणाले, "वहिनी, डावा हात द्या."

"डावा?"

"मग उजवा कसा पोचेल? प्रसाद नाही वाटायचा."

त्यांनी समजावलं. ते पायाने क्लच दाबणार आणि नंबर सांगणार. मी डाव्या हाताने गिअर टाकायचा. पहिला वर, दुसरा सरळ खाली, तिसरा मधे येऊन वर, चौथा त्याच्या खाली. मला तेव्हा ऑटोमॅटिक गाडी चालवायची म्हटली तरी रामरक्षा लागायची.

"हाताला काय झालंय?" वाऱ्यात मला ओरडूनच विचारावं लागलं.

"ऐकत नाही आजकाल. वर्ष झालं. आता तीन... बसलं!"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"नाव मोठं आहे त्याचं. बरं नाही होत. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलं, मग गाडी चालवायची का नाही ते सांगतो म्हणाला. वहिनी, तो काय सांगणार ते मला माहीत आहे. दोन!"

"कुमुदला माहीत आहे?"

"घरी गेल्यावर सांगतो. आज सांगितलं तर आत्ता इथे गाडी थांबते. रॉन चालवतो हिला, अन् मी व्हॅनमध्ये चिवडा खात बसतो. काहून बांधली मग चार वर्षं? हा एक डोंगर उतरू द्या मला. मग किल्ली तुमच्या हातात देतो."

मी गप्प झाले. मला ओळखणाऱ्यांना यातलं गांभीर्य कळेल. चमचा आठवला. नेहमी अर्धाच कप चहा मागायचे ते आठवलं. खिशातला हात आठवला. आणि मग एकदम आठवली ती चीर, समोरच, बॉनेटच्या टोकाला, माझ्या नजरेच्या रेषेत.

"मग ती चीर तुम्ही..."

"कशानं भरू?" त्यांनी उजवा हात थोडा उचलून दाखवला. "काचेचं कापड बारीक लावावं लागते, रेझिन सुकायच्या आत. या हातानं कपात साखर नाही पडत."

म्हणजे मी जे फोडलं, ते तो माणूस पुन्हा सांधू शकणार नव्हता. आणि हे त्याला नारळ कानाशी हलवत होता तेव्हाच ठाऊक होतं.

वॉकीटॉकी खरखरला. दिवाकरचं 'डेव्ह' करून टाकलेला रॉन म्हणत होता, "डेव्ह, तुझा गिअरबॉक्स ओरडतोय. काही मदत? मी चालवू का?"

लांजेवारांनी मला खूण केली. मी बटण दाबून धरलं, ते वाकून म्हणाले, "गिअरबॉक्स ठीक आहे. ओरडतेय ती माझी पॅसेंजर."

सगळ्या गाड्यांतून हसणं ऐकू आलं. त्यात कुमुदचंही होतं.

माथ्यावर थांबलो. सगळे कठड्याशी फोटो काढायला पळाले. कुमुदने थर्मासमधून कॉफी ओतली, काठोकाठ, आणि त्यांच्यापुढे धरली. ते कपाकडे बघत राहिले. मी झडप घालून कप घेतला, अर्धा घटाघटा प्यायले, जीभ भाजली, आणि उरलेला त्यांच्या डाव्या हातात दिला. "हावरट आहेस," कुमुद म्हणाली. मी होय म्हणाले. दुसरं काय म्हणणार? एका बाजूला मैत्रीण, तिच्या नवऱ्याचा जीव तिला न विचारता मी हातात धरलेला. दुसऱ्या बाजूला तो नवरा, उतार मागणारा. तिला सांगितलं तर त्याचं सगळं संपतं. नाही सांगितलं, आणि खाली काही झालं, तर? कुमुद माझ्या हातात दशमी देत होती आणि मी तिच्या डोळ्यांत बघू शकत नव्हते. मी दशमी खाल्ली. जायफळ घातलेली. इतक्या चांगल्या दशमीची मला त्या दिवशी चव लागली नाही.

उतारावर धुकं आलं. रस्त्यावर ओली पानं. समोर लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक, अगदी हळू, आणि मागून आमच्या गाडीला रॉनच्या गाडीने गाठलेलं. ब्रेकवर फार राहता येणार नव्हतं, गिअरने वेग अडवायला हवा होता. "तीन," ते म्हणाले. मी टाकला. "दोन." माझा उजवा अंगठा वॉकीटॉकीच्या बटणावर होता. एकदा दाबून "थांबा" म्हटलं असतं तर सगळं थांबलं असतं. अंगठा तिथेच ठेवून मी डावा हात ओढला. घर्रर्र झालं. गेला नाही. ट्रकचे ओंडके मोठे होत होते, कापलेल्या लाकडावरची वर्तुळं दिसायला लागली.

"वहिनी," अगदी बाथरूमच्या दारापलीकडून आला होता तसा आवाज, "टेन्शन नका घेऊ. मधे आणा. हात सैल सोडा. आता माझ्याकडे, अन् खाली."

मी डोळे गच्च मिटले आणि ओढला.

"बसलं!"

इंजिन गुरगुरलं, गाडी मागे खेचल्यासारखी सावकाश झाली. तिथून खालपर्यंत किती वळणं होती ते मला विचारू नका. सगळ्या जगाने ज्या डोंगराचे फोटो काढले, त्याचा उतार मी पाहिलेलाच नाही. नंबर ऐकला की डोळे मिटायचे, ओढायचं, "बसलं" ऐकू आलं की उघडायचे. माझी समजूत अशी, की रस्त्यावर नजर असलेल्या माणसाला हे कळत नसणार. बटण मी दाबलं नाही. ते शहाणपण होतं असं मी आजही म्हणणार नाही. नातवंडांनी असलं काही केलं तर मी त्यांना घरात कोंडून ठेवीन.

खाली गावात पोचल्यावर त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून बंद केली. हँडब्रेक स्वतः बसवलेला असूनही त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मग किल्ली काढली आणि खरोखरच माझ्या हातात दिली. गार वारा सुटला होता. ते जाकिटाची बटणं लावायला गेले, जमेना. मी पुढे होणार, तेवढ्यात व्हॅनमधून उतरून कुमुद आली, आणि आमच्या ह्यांच्याशी बोलता बोलता, लांजेवारांकडे न बघता, त्यांची गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं लावून गेली. रोजचं काम असावं तशी. मी किल्ली मुठीत लपवली.

परत येताना पोट्टी रॉनने मागवलेल्या ट्रेलरवर आली. क्लच गेला असं सांगितलं. ते तिला पुन्हा रस्त्यावर घेऊन गेले नाहीत. दिवाळीपर्यंत सगळ्यांना सगळं कळलं होतं, चमच्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं, मी तर नाहीच. पुढच्या वर्षांत आधी हात थकले, मग पाय, मग आवाजही बारीक होत गेला. मी जायची. ते गॅरेजमध्ये खुर्ची टाकून गाडीकडे बघत बसलेले असायचे. दार लावलं की मात्र मान अजून त्या बाजूला वळायची.

दोन हजार आठमध्ये आमच्या भागातले कारखाने धडाधड बंद पडायला लागले, निम्म्या गल्लीत घरं विकायचे बोर्ड लागले. मुलगा कॅलिफोर्नियात सनीव्हेलला होता, त्याने आईवडलांना बोलावून घेतलं. तिथल्या अपार्टमेंटला गॅरेज नव्हतं. गाडी घ्यायला ओहायोचा एक माणूस मित्राला घेऊन आला. त्याने चिरेवर बोट फिरवलं आणि अपघात झाला होता का विचारलं. लांजेवार हळूहळू, शब्द गोळा करत म्हणाले, "अपघात नाही. पूजा." तो माणूस गोंधळला. मी पायांकडे बघत राहिले.

गाडी ट्रेलरवर ढकलायची होती, पण ती हलेना. ट्रेलरवरून गॅरेजमध्ये उतरवल्यावर सवयीने पुन्हा पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवली होती. चार वर्षं तशीच. तो माणूस आत उतरायला लागला, तर लांजेवारांनी हात वर केला. थांबा. कुमुद आणि आमचे हे यांनी दोन्हीकडून धरून त्यांना आत बसवलं. खूप वेळ लागला. पाय क्लचवर ठेवायला कुमुदने वाकून मदत केली. मग त्यांनी शेजारच्या सीटकडे पाहिलं, आणि माझ्याकडे.

साठीच्या बाईने टांग टाकून त्या टबात उतरणं हे काही बघण्यासारखं दृश्य नव्हतं. पण उतरले. डावा हात गिअरवर ठेवला. त्यांचा पाय क्लचवर दाबला गेला, थरथरत, पण गेला. मी सवयीने डोळे गच्च मिटले.

शेजारून आवाज आला, इतका बारीक, की फक्त मलाच ऐकू यावा.

"डोळे उघडे ठेवा, वहिनी. आता घाट नाही."